भयाची गोडी

दिवेलागणीच्या वेळी परवचा आणि रामरक्षा आटोपून, समर्थांच्या भीमरूपी स्तोत्राने भुताखेतांच्या बाधेचा पुरता बंदोबस्त करून घेतल्यावर, त्याच घरातील मुले जेवणे होऊन अंथरुणे पडताच आजीपाशी कसली मागणी करीत, हे ज्यांचे बालपण कंदिलाच्या उजेडात गेले त्यांना सांगावयास नकोच. मुंजा, हडळ, खवीस, गिऱ्हा यांपैकी ज्याची गोष्ट ऐकल्यावर रात्री एकट्याने परसात जाण्याची सोय उरणार नाही त्याचीच फर्माईश आधी होई, आणि गोष्ट पुरेशी भयंकर निघाली नाही तर फसवणुकीची फिर्यादही तेथेच दाखल होई. तासाभरापूर्वी स्तोत्र म्हणताना ही मुले ढोंग करीत होती असे म्हणता येणार नाही, आणि आता गोष्ट मागताना ती ढोंग करीत आहेत असेही नाही. भयापासून सुटका व्हावी ही प्रार्थना आणि भय मिळावे ही मागणी, दोन्ही त्यांच्या मनात सारख्याच खऱ्या असतात. पुढे प्रौढपणी कंदिलाच्या जागी चित्रपटगृह किंवा नारायण धारपांची कादंबरी आली तरी या दुहेरी व्यवहारात फारसा फरक पडत नाही.

मानसशास्त्राने या विषयात गेल्या शतकभरात पुष्कळ काम केले आहे आणि त्याचा हवाला मी पुढे घेणारच आहे. परंतु प्रश्न मुळात धर्मविचाराचा आहे, असे मला वाटते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना होते तिच्यात पहिले नाव अभयाचे आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला जे प्रशस्तिपत्र देतो ते हेच की, राजा, तुला अभय प्राप्त झाले. देवाच्या मूर्तीचा उजवा हात शतकानुशतके अभय देण्यासाठी उचललेला आहे. साधकाचे जे अंतिम प्राप्तव्य, त्याच्या नेमकी उलट वस्तू माणूस जर पदरचे पैसे मोडून विकत घेत असेल, तर एक तर ही गोडी म्हणजे मनाची विकृती समजली पाहिजे, किंवा अभय मागताना आपण नक्की काय मागतो याचाच पुन्हा विचार केला पाहिजे. नीतिवादी मंडळी यांतील पहिला पक्ष झटकन स्वीकारतात. मला तो घाईचा वाटतो.

आधी शरीराची कैफियत ऐकून घेऊ. वेदान्त्यांचा आवडता दृष्टान्त रज्जुसर्पाचा, आणि तो सांगणारे प्रवचनकार बहुधा दिवा आणला, दोरी दिसली, साप नाहीसा झाला, येथेच थांबतात. चौदाव्या शतकातील विद्यारण्य मात्र पंचदशीच्या तृप्तिदीप प्रकरणात एक पाऊल पुढे टाकतात आणि एक फार बारकाईचे निरीक्षण नोंदवून ठेवतात: दोरी ही दोरीच आहे असे कळले तरी अंगाचा कंप लगेच थांबत नाही, तो हळूहळूच शमतो, आणि तीच दोरी पुन्हा अंधुक उजेडात पुढ्यात टाकली तर पुन्हा सर्पच भासते. ज्ञान झाल्यानंतरही ज्ञान्याचे प्रारब्ध काही काळ का चालू राहते, एवढेच त्यांना यातून सिद्ध करावयाचे होते; भयाच्या शरीरशास्त्राशी त्यांना कर्तव्य नव्हते. तरीही जोसेफ लेदू या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या भावनाविषयक ग्रंथात रानातून चालणाऱ्या वाटसरूचे आणि सापासारख्या दिसणाऱ्या काटकीचे जे उदाहरण दिले आहे, ते वाचताना विद्यारण्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. डोळ्यांनी आणलेली वर्दी मेंदूत दोन वाटांनी जाते, असे लेदूचे म्हणणे. एक वाट आखूड: मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसपासून ती सरळ अमिग्डाला नावाच्या बदामी आकाराच्या लहानशा पुंजक्याकडे जाते, तिच्यावरून येणारी वर्दी धूसर पण तत्पर असते. दुसरी वाट मेंदूच्या बाह्यपटलातून वळसा घेऊन येते. तिच्यावरून येणारी हकिकत तपशीलवार, पण उशिराची. पहिल्या वर्दीसरशी शरीराला हुकूम सुटतात, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायूंकडे रक्त धावते, अॅड्रेनालिन स्रवू लागते (झुंज द्या किंवा पळा, अशी ही सिद्धता असते, हे वॉल्टर कॅनन या हार्वर्डच्या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ सालीच दाखवून दिले होते), आणि ‘ही तर काटकी’ असा खुलासा दुसऱ्या वाटेने येऊन पोहोचेपर्यंत रक्तात मिसळायचे ते मिसळून गेलेले असते. खुलासा झाला म्हणून त्या द्रव्याचा अंमल तत्क्षणी रद्द होत नाही. विद्यारण्यांचा कंप तो हाच. लेदूने पुढे स्वतःच अशी ताकीद दिली आहे की या यंत्रणेलाच भय म्हणू नये, जाणवणारे भय हे जाणिवेचे काम आहे. आणि ही ताकीद तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

भयाच्या गोडीचा पहिला खुलासा येथे मिळतो. साप नाही हे मनाला ठाऊक आहे आणि देह अजून थरथरत आहे, अशी ही दोहोंमधली फट असते, आणि गोडी तिच्यात उपजते. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील मिरची खाणाऱ्यांचा अभ्यास केला तेव्हा त्यालाही हेच आढळले: जीभ संकटाची आरोळी ठोकते, संकट नाही हे मनाला माहीत असते, आणि देहावर मात केल्याचा तो आनंद असतो. डॉल्फ झिलमन या संशोधकाने असे सुचवले की भयाने चेतवलेले शरीर संकट टळल्यावरही चेतलेलेच राहते आणि त्यामुळे सुटकेचे सुख दुणावते. हे खरे असेल. पण सुख जर केवळ सुटकेनंतरचे असते, तर गोष्ट चालू असताना पांघरुणाच्या फटीतून एक डोळा उघडा ठेवणाऱ्या मुलाचे आपण काय करावयाचे? त्याला सुटका नको असते. डेन्मार्कमधील वायले या गावी, करमणुकीसाठी घाबरवून देणाऱ्या एका भीतिगृहात शिरलेल्या ११० जणांच्या छातीला हृदयस्पंदन मोजणारी यंत्रे बांधून ऑर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी जे प्रत्यक्ष पाहिले आणि २०२० साली प्रसिद्ध केले, त्यावरूनही असेच दिसते की भय अगदी थोडे असता मजा नाही, अतोनात झाले तरी मजा नाही, आणि मध्यावर कोठे तरी ती सर्वांत अधिक असते. म्हणजे गोडी भयाच्या आतच असते, ते संपल्यावर मिळणारे ते बक्षीस नव्हे.

याहून मोठा दाखला एका अमेरिकन स्त्रीचा आहे. वैद्यकीय वाङ्मयात ती केवळ दोन आद्याक्षरांनी ओळखली जाते, आणि एका दुर्मिळ आनुवंशिक रोगाने तिच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी झालेले आहेत. आयोवा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तिला परदेशी प्राणी विकणाऱ्या दुकानात नेले, तेव्हा साप आवडत नाहीत असे आधी सांगणाऱ्या या बाईने साप हातात घेतला, त्याच्या जिभेला बोट लावून पाहिले आणि दुकानातील अधिक मोठ्या, धोकादायक सापांना हात लावू द्या म्हणून पुनःपुन्हा विनंती केली. केंटकी राज्यातील एका जुन्या क्षयरुग्णालयात भरवलेल्या भीतिगृहात ती सर्वांच्या पुढे चालली आणि राक्षसाचे सोंग घेतलेल्या एका नटालाच तिने हात लावून दचकवले. २०११ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला तेव्हा निर्भय स्त्री म्हणून तिचा बोभाटा झाला. हे अभय याज्ञवल्क्याचे नव्हे, हे उघड आहे; संकटापासून दूर राहण्याची सूचना देणारा पहारेकरीच नसल्यामुळे तिच्यावर आयुष्यात अनेकदा जिवावरचे प्रसंग आले. पुढे २०१३ साली कार्बन डायऑक्साइड अधिक असलेली हवा हुंगायला दिल्यावर याच स्त्रीला प्राणान्तिक भीती वाटली, तेव्हा भयाचे सर्व दप्तर एकाच ठिकाणी नाही हेही सिद्ध झाले. परंतु मला या वृत्तान्तातील दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. भय गेले, तरी सापाची ओढ शिल्लक राहिली. आपल्यात भय आणि ओढ अशी काही एकजीव झालेली असतात की त्यांच्यात दोन निरनिराळ्या वस्तू असाव्यात हे ध्यानातच येत नाही. या स्त्रीच्या बाबतीत रोगाने ती वेगळी करून दाखवली.

देहाची साक्ष येथवर येऊन थांबते. ज्याचे भय वाटते त्याचीच ओढ का असावी, याचे उत्तर तिच्यात नाही.

आपल्याकडील साहित्यशास्त्र्यांनी या प्रश्नाला फार पूर्वी हात घातला. भरताने नाट्यशास्त्रात आठ रसांत भयानकाला स्थान दिले, त्याचा वर्ण काळा आणि देवता काल अशी नोंद केली, आणि कंप, रोमांच, स्वेद, स्वरभंग ही शरीराची लक्षणे कॅननइतक्याच काटेकोरपणे लिहून ठेवली. पण जो भाव व्यवहारात दुःखद तो नाटकात आस्वाद्य कसा होतो, यावर एकमत कधीच झाले नाही. हेमचंद्राचे शिष्य रामचंद्र व गुणचंद्र यांनी बाराव्या शतकात नाट्यदर्पणात सरळ सांगून टाकले की सगळे रस सुखाचे नाहीत, भयानक आणि करुण हे दुःखाचेच आहेत, आणि प्रेक्षक जो खूश होतो तो कवीच्या व नटाच्या कौशल्यावर. हे मत रोखठोक आहे, आणि रसाला ब्रह्मानंदाच्या पंक्तीला बसवणाऱ्या पंडितांच्या गर्दीत ते वाचून बरेही वाटते. मात्र ते मला पुरेसे वाटत नाही, याचे कारण शास्त्रातले नसून मालवणाकडील एका जत्रेत पाहिलेले आहे.

देवळासमोरच्या मांडवात दशावतारी खेळाला रंग चढला होता आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर संकासुर आला. नखशिखान्त काळा वेष, तोंडही काळ्या कापडाने झाकलेले, आणि ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा हा दैत्य बोलतो मात्र गावच्याच मालवणीत, तोही असा की मोठी माणसे हसून लोळावीत. पुढे बसलेली पोरे तो वळला की किंचाळून मागे आयांच्या कुशीत पळत, आणि त्याने पाठ फिरवली की घोंगडीवरून बूड न उचलता घसरत घसरत पुन्हा पुढे येत. दर खेपेस पहिल्यापेक्षा वीतभर अधिक पुढे. एक पोरगा आईच्या पदरात तोंड खुपसून बजावत होता, “आये, तो इलो काय माका सांग हां!” नटाच्या कौशल्याची वाखाणणी या मुलाच्या डोक्यात असणे शक्य नव्हते. मागे पळणे आणि पुढे घसरणे या दोन्ही हालचाली एकाच भयाच्या होत्या.

अभिनवगुप्ताचे उत्तर या मुलाला लागू पडते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी काश्मीरात लिहिलेल्या अभिनवभारती या नाट्यशास्त्रावरील टीकेत त्याने भयानकासाठी शाकुन्तलाच्या आरंभीच्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे: दुष्यन्ताचा रथ पाठीशी, बाणाच्या धास्तीने आक्रसलेले अंग, मान वळवून मागे पाहत घेतलेली झेप. हे पाहताना प्रेक्षकाला जे भय जाणवते ते ‘मी भ्यालो आहे’ असे नसते, ‘हा हरिण भ्याला आहे’ असेही नसते, मित्राचे नसते, शत्रूचे नसते, त्रयस्थाचेही नसते. देश, काल आणि व्यक्ती यांची कुंपणे गळून पडलेले, निव्वळ भय तेवढे डोळ्यांपुढे नाचत राहते. भट्टनायकापासून चालत आलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेचा हा परिपाक आहे. भयाला मालक असला की ते दुःख देते, कारण मालक पळून जाण्याच्या किंवा प्रतिकार करण्याच्या विवंचनेत पडतो. मालकी सुटली की तेच भय चाखता येते. नरसिंह चिंतामण केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात मांडलेली सविकल्प समाधीची उपपत्ती, म्हणजे आपण आपणच राहून त्याच वेळी दुसरे कोणी होण्यात वाङ्मयाचा आनंद आहे हा विचार, मला याच कुळातला वाटतो, जरी केळकरांवर पुढे टीकाही पुष्कळ झाली.

नाटकापुरते हे झाले. देवाच्या दारातील भयाचे काय? गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहावे ही इच्छा अर्जुनाचीच. आणि ते दिसताच, पूर्वी कधी न पाहिलेले पाहून मी हर्षित झालो आहे व माझे मन भयाने व्याकुळ झाले आहे, अशी कबुली तो एकाच श्लोकात, एकाच श्वासात देतो. रूडॉल्फ ओटो या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९१७ साली पवित्रतेच्या अनुभवावर लिहिलेल्या ग्रंथात थरकाप आणि आकर्षण या दोहोंची अशीच जोडी लावली, आणि त्यासाठी त्याला या अध्यायाचा आधार घ्यावासा वाटला, हे स्वाभाविकच होते. पुढे हिंदुस्थानच्या प्रवासात तो घारापुरीलाही जाऊन आला. तेथील महेशमूर्तीसमोर जो उभा राहिला त्याला ओटोचा ग्रंथ वाचण्याची फारशी जरूर उरत नाही. मधला मुखवटा डोळे मिटून स्वस्थ; आपल्या डाव्या हाताला अघोराचे मुख, कपाळाला आठ्या, मिशा, मुगुटात कवटी, हातात नाग; उजव्या हाताला तितकेच कोमल वामदेवाचे, हातात कमळ. आणि त्याच लेण्यात अंधकासुराच्या वधाचा पट आहे: खालचा भाग भंगलेला, पण वर सुळे दाखवणारे शिवाचे मुख, मागे पसरलेले हत्तीचे कातडे आणि रक्त झेलण्यासाठी धरलेले पात्र अजून शाबूत आहे. पाहणाऱ्याने एका मुखाला भ्यावे आणि दुसऱ्याला भजावे अशी वाटणी शिल्पकाराने होऊ दिलेली नाही, कारण खांदे एकच आहेत.

ज्ञानेश्वरांनी १२९० साली या अकराव्या अध्यायाची प्रस्तावना करताना शान्तरसाच्या घरी अद्भुतरस पाहुणा आला आहे असे म्हटले. भयानकाचे नाव त्यांनी तेथे घेतले नाही. हे वगळणे हेतुपूर्वक असावे, असा माझा तर्क आहे. विश्वरूपातील भय हे पाहुण्याच्या अनोळखीपणाचे आहे, वैराचे नाही, असे त्यांना सुचवावयाचे असेल.

आणि येथे मला बृहदारण्यकाच्या पहिल्या अध्यायातील ती विलक्षण कथा पुढे आणावीशी वाटते. सृष्टीच्या आरंभी तो आत्मा एकटाच होता; त्याने सभोवार पाहिले, त्याला आपल्यावाचून कोणी दिसले नाही, आणि तो भ्याला. मग त्याने विचार केला की माझ्याखेरीज जर कोणी नाही तर मी भितो कोणाला? तेव्हा त्याचे भय गेले, कारण भय दुसऱ्यापासून होते. अद्वैताचे प्रतिपादक हे वाक्य उचलतात आणि ग्रंथ मिटतात. पण उपनिषद थांबलेले नाही. लागलीच पुढे ते सांगते की भय गेलेल्या त्या एकट्याला करमेना. एकट्याला करमत नसतेच. म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली. ज्या दुसऱ्यापासून भय, त्याचीच इच्छा, आणि तीही भय निमाल्यावर! या दोन वाक्यांमध्ये ऋषीला विसंगती वाटली नाही, आणि मला वाटते की भयाच्या गोडीचे मूळ याच जागी आहे. आपल्याहून वेगळे, आपल्या हुकमतीत नसलेले असे काही जगात आहे, या एकाच जाणिवेची दोन टोके म्हणजे भय आणि रती. जो भीतीची गोष्ट मागतो तो दुसऱ्याची भेट मागत असतो. फक्त ती भेट आपली वाताहत न होता व्हावी एवढी त्याची अट असते. भागवतातील प्रह्लाद तर ही अटही घालत नाही. लक्ष्मीसुद्धा ज्याच्या जवळ जाण्यास धजली नाही त्या नरसिंहापुढे उभे राहून तो म्हणतो की या जिभेचे, या दाढांचे मला भय नाही, भय आहे ते संसारचक्राचे. याज्ञवल्क्याचे अभय ते हे असावे: दुसरा समोर आहे, त्याचे उग्रपण कमी झालेले नाही, आणि तरी पाय मागे सरत नाही.

आपल्या खेड्यांनी हा विचार ग्रंथ न वाचताच आचरणात आणला आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवली गावचा वेतोबा हा मूळचा भुतांचा अधिपती वेताळ. तो रात्री गावाची राखण करीत हिंडतो अशी श्रद्धा असल्यामुळे भाविक त्याला चांगल्या मोठ्या चामडी वहाणा वाहतात, आणि त्यांचे तळ झिजतात असे सांगतात. ज्याच्या नावाने थरकाप व्हावा त्याच्याकडेच राखणीची वहिवाट सोपवून गाव निर्धास्त झोपते.

तरीही एका आक्षेपाचा निकाल लावल्याशिवाय विषय पुरा होत नाही. एडमंड बर्क या विचारवंताने उदात्त आणि सुंदर यांवरील १७५७ च्या ग्रंथात, संकट अगदी अंगावर आले तर त्यात सुख नाही, काही अंतरावरून पाहता ते सुखावह होते, असा सिद्धान्त मांडला. आणि मग स्वतःच एक बोचरे उदाहरण दिले. उत्तमोत्तम शोकनाट्याचा प्रयोग ऐन रंगात असताना, शेजारच्या चौकात एका बड्या राजद्रोह्याला आता फाशी देणार आहेत अशी बातमी आली, तर नाट्यगृह क्षणात ओस पडेल. बर्क खोटे बोलत नाही. अपघाताभोवती जमणारी गर्दी आपण रोज पाहतो. म्हणजे नुसते अंतर पुरत नाही, कारण अंतर त्या चौकातही आहे. तेथे नसते ते अभिनवगुप्ताने सांगितलेले निर्मालकीपण. संकासुराला पाहून भिणारे मूल आपल्या स्वतःच्या छातीची धडधड खर्ची घालते. फाशी पाहणारा दुसऱ्याच्या मानेवर आपला थरार उभारतो. तेथील भयाला नाव, गाव आणि घरची माणसे आहेत. पहिल्या गोडीला विकृती म्हणणारे नीतिवादी दुसरीकडे मात्र बहुधा काणाडोळा करतात, आणि माझी त्यांच्याविरुद्ध खरी तक्रार ही आहे.

याच कसोटीवर आणखी एक माणूस उघडा पडतो. भुताच्या गोष्टीतले भूत कोणाचेच नसते. गावोगावचा भोंदू मात्र ते एका घराच्या नावावर चढवतो, तुझ्यावर करणी झाली आहे, तुझ्या मुलाला बाधा आहे, असे सांगून भयाला मालक नेमून देतो आणि मग त्याच्याकडून वसुली करतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यानंतर काही दिवसांतच महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि वर्षअखेर त्याचा कायदा झाला. भूत लावण्याची धमकी देऊन लोकांच्या मनात दहशत निर्माण करणे हा त्या कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे अपराध आहे. भुताची गोष्ट सांगणे हा अपराध नाही.